मागचे ब्रेक पॅड एका पावसाळ्यात संपले : आता कुठले टाकायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी हिरो एक्सपल्स 200 4व्ही मोटारसायकल. राहणं पुण्यात, सुट्टीच्या दिवशी मुळशी, वेल्हे, भोर या बाजूच्या कच्च्या वाटा. पुढचे ब्रेक पॅड निम्मे शिल्लक आहेत, मागचे मात्र एका पावसाळ्यात झिजून पाठीमागच्या पत्र्याला टेकले. मेकॅनिक म्हणतो सिंटर्ड (धातूची पूड एकजीव करून केलेले) टाका, मित्र म्हणतो एचएच खुणेचे टाकलेस तर डिस्क खाऊन टाकेल, आणि दुकानात त्याच गाडीचे चार वेगवेगळ्या किमतींचे पॅड काउंटरवर मांडून ठेवलेत. घ्यायचे कुठले?

माझं उत्तर : मागे सिंटर्ड, पुढे कंपनीचेच. पण हे उत्तर घेऊन लगेच दुकानात जाऊ नका. मागचे पॅड इतक्या लवकर का संपले हे आधी शोधा. गॅरेजवर येणाऱ्या अशा गाड्यांमध्ये मला जे दिसतं त्यावरून सांगतो, मागचा पॅड फक्त ब्रेक मारून संपलेला क्वचितच असतो. ब्रेक न मारता तो घासत राहिलेला असतो. ते घासणं तसंच ठेवून महागडे सिंटर्ड टाकलेत तर पॅड टिकतील खरे, पण मग त्यांच्याऐवजी डिस्क झिजेल आणि ब्रेक ऑइल उकळेल.

म्हणून जुने पॅड फेकू नका. मेकॅनिककडून मागून घ्या, पेट्रोलने धुऊन चकाचक करू नका, आहेत तसे उजेडात धरा.

पहिली गोष्ट, दोन्ही पॅड सारखे झिजलेत का? तुमच्या गाडीचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) फ्लोटिंग आहे, म्हणजे पिस्टन एकाच बाजूला असतो आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून पलीकडचा पॅड डिस्कवर ओढतो. एक पॅड पत्र्याला लागलाय आणि दुसऱ्यावर अजून दोन मिलिमीटर घासणारा माल आहे, असं दिसलं तर सरकणाऱ्या पिना अडकल्यात किंवा पिस्टन मागे येत नाहीये. दुसरी गोष्ट, एकच पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा तिरका झिजलाय का? तेही कॅलिपर सरळ सरकत नसल्याचंच लक्षण. तिसरी, पृष्ठभाग. काचेसारखा चकचकीत असेल तर पॅड हलक्या दाबाने बराच वेळ घासून तापलाय. लांब आडव्या खाचा असतील तर खडीचा बारीक चुरा अडकून राहिलाय. कडा भुसभुशीत होऊन तुकडे निघत असतील तर एक तर माल भरपूर तापलाय, नाहीतर पॅड मुळातच हलक्या प्रतीचा होता. आणि काळपट, ओलसर, तेलकट डाग असेल तर चेनला मारलेला स्प्रे तपासा. चेन डावीकडे आणि मागची डिस्क उजवीकडे असली तरी फवारा स्पोकांमधून पलीकडे सहज जातो. तेल प्यालेला पॅड वाचत नाही. तो गॅसच्या शेगडीवर भाजून 'तेल काढून' देणारे मेकॅनिक अजून आहेत. त्यांना नमस्कार करून पॅड कचऱ्यात टाका.

आता सगळ्यात दुर्लक्षित जागा : ब्रेकचं पेडल. कच्च्या वाटेवर उभं राहून चालवणारे बहुतेक जण पेडलची उंची बदलून घेतात, आणि ते बरोबरच आहे, उभं राहिल्यावर पाऊल वेगळ्या कोनात येतं. पण उंची बदलताना मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या भागाच्या) दांडीला फ्री प्ले, म्हणजे थोडी मोकळी हालचाल, ठेवायचा राहून जातो. पेडल पूर्ण सोडलेलं असताना मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे यायला हवा. तो आला की एक बारीक भोक उघडतं आणि नळीतलं ऑइल ब्रेक ऑइलच्या टाकीत परत जाऊ शकतं. दांडी सतत हलकीशी दाबलेली राहिली तर ते भोक बंदच राहतं. मग ब्रेक तापला की ऑइल प्रसरण पावतं, त्याला परत जायला वाट नसते, ते पिस्टनलाच पुढे ढकलतं. पॅड आणखी घासतो, आणखी तापतो. घाट उतरताना मागचं चाक आपोआप जॅम व्हायला लागलं आणि अर्धा तास थांबल्यावर आपोआप सुटलं, असं कुणी सांगितलं की मी कॅलिपरला हात लावण्याआधी पेडल हाताने हलवून बघतो. पेडलच्या टोकाला थोडी मोकळी हालचाल जाणवलीच पाहिजे. किती, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

दुसरं कारण तुमचा बूट. मोटोक्रॉसच्या जाड तळाच्या बुटातून पेडल पायाला कळत नाही. उभं राहताना पाऊल नकळत पेडलवर टेकलेलं राहतं. मित्राला मागे ठेवा आणि साध्या सपाट कच्च्या रस्त्यावर ब्रेक न मारता उभं राहून चालवा. त्याला तुमचा ब्रेक लाइट लुकलुकताना दिसला, तर पॅड कुठे गेले ते कळेल. पेडल थोडं खाली घ्या, पण फ्री प्ले सांभाळून.

पेडल ठीक, पिना मोकळ्या, पिस्टन मोकळा, आणि तरीही पॅड पावसाळ्यातच संपतात? मग दोष मातीचा. सह्याद्रीतल्या वाटांवर तीन तऱ्हेची माती भेटते आणि तिन्ही पॅडला वेगवेगळ्या रीतीने खातात. घाटमाथ्यावरचा मुरूम म्हणजे कुजलेला बेसॉल्ट. त्याचे कण टोकदार असतात, ओले झाले की डिस्क आणि पॅडच्या मध्ये घोटून बसतात, आणि तुम्ही ब्रेक मारा न मारा, चाक फिरेल तसे घासत राहतात. खाली कोकणात उतरलात की जांभ्याची लाल माती. तिच्यात लोहाचे कण भरपूर, ती चाकावरून उडून सगळीकडे पसरते आणि पिनांच्या रबरी टोप्यांच्या आत शिरते. देशावरची काळी चिकणमाती त्या मानाने मऊ, पण ती कॅलिपर आणि चाकाच्या मध्ये थापून बसते आणि वाळली की पिस्टनला मागे येऊ देत नाही. पाणंद रस्त्यावर ऑगस्टमध्ये गाडी घातलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. तुमच्या गाडीच्या डिस्कला फुलाच्या पाकळ्यांसारख्या कडा आणि भोकं आहेत, त्या थोडा चिखल आणि पाणी खरवडून काढतात, पण तेवढंच.

मागच्या पॅडवर हा मार जास्त बसतो, कारण मागचा कॅलिपर चाकांनी उडवलेल्या राड्यातच असतो. मागची डिस्कही लहान, एक्सपल्सला 220 मिलिमीटर, पुढची 276. त्यात कच्च्या रस्त्यावर आपण मागचा ब्रेक डांबरी रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त वापरतो : वेग धरून ठेवायला, वळणात मागचं चाक थोडं सरकवायला, उतारावर गाडी सावरायला. म्हणजे पुढचे निम्मे शिल्लक आणि मागचे संपलेले, ही तुमची अवस्था अशा चालवण्यात अपेक्षितच आहे. झिजण्याचा वेग मात्र जास्त आहे.

आता मालाबद्दल. दुकानात दिसणारे पॅड मुख्यतः तीन जातींचे. ऑरगॅनिक म्हणजे तंतू, भुकटी आणि घर्षण घडवणारे पदार्थ रेझिनमध्ये (डिंकासारख्या चिकट पदार्थात) बांधून केलेला पॅड. आवाज कमी, डिस्कला सौम्य, थंड असतानाही पकड मऊ आणि अंदाज घेत वाढणारी. दोष दोन. एक, ओल्या चिखलात तो भराभर झिजतो, कारण रेझिन मुळातच मऊ. दोन, फार तापला की रेझिन विघटित व्हायला लागतं, साधारण 300 अंश सेल्सियसच्या आसपास, आणि पकड ढिली पडते. सेमी-मेटॅलिक म्हणजे त्यातच धातूचे तंतू किंवा चुरा घातलेला, मधला मार्ग. आणि सिंटर्ड म्हणजे तांबं किंवा ब्राँझची पूड, ग्रॅफाइट वगैरे एकत्र दाबून भट्टीत तापवून एकजीव केलेला धातूचाच पॅड. त्यात जळून जायला रेझिन नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर तो लवकर पकड घेतो, चिखलाला दाद देत नाही, टिकतो. बदल्यात आवाज जास्त, डिस्कची झीज जास्त, आणि उष्णता वाहून नेणं जास्त. हा शेवटचा मुद्दा पुढे येईल. ओळखायला सोपी खूण : कडेला टोकदार हत्याराने ओरखडा काढला की सिंटर्डमध्ये तांबूस-सोनेरी चमक दिसते, ऑरगॅनिक काळपट आणि निस्तेज राहतो.

तुमच्या मित्राच्या एचएच बद्दल. पॅडच्या पाठीमागच्या पत्र्यावर बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. ही अमेरिकेतल्या एसएई संस्थेच्या जे866 मानकातली खूण. पहिलं अक्षर थंड अवस्थेतल्या घर्षणाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेतल्या. ई म्हणजे घर्षणगुणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55, आणि एच म्हणजे 0.55 च्या वर. बस, एवढंच. ती अक्षरं पॅड कशाचा बनलाय, किती टिकेल, डिस्क किती खाईल, यातलं काहीही सांगत नाहीत. बहुतेक एचएच पॅड सिंटर्ड असतात म्हणून लोक 'एचएच म्हणजे सिंटर्ड' असं धरून चालतात. पण सिंटर्ड पॅड एचएच असलाच पाहिजे असं नाही. तुमच्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची, कारण तुम्हाला सिंटर्डचा टिकाऊपणा हवाय, एचएचची झडप नको.

झडप का नको ते सांगतो. कोरड्या डांबरावर टायरची पकड चांगली असते, घर्षणगुणांक साधारण 0.8 च्या घरात. सुट्या मुरमावर ती निम्म्यावर येते, ओल्या चिखलात त्याहूनही खाली. म्हणजे कच्च्या रस्त्यावर टायर जमिनीला देऊ शकतो तेवढा जोर तुमचा आहे तो ब्रेकसुद्धा एका बोटाने पैदा करतो. ताकद कमी पडत नाही. कमी पडते ती अंदाज घेण्याची जागा. लिव्हर थोडी दाबली तर थोडा ब्रेक, आणखी दाबली तर आणखी थोडा, आणि चाक लॉक व्हायच्या बेतात आलं की बोटाला आधी कळावं. थंड असतानाच कडक पकडणारा पॅड ही जागा चिंचोळी करतो. पुढचं चाक सुट्या खडीवर क्षणभर लॉक झालं तरी हँडल हातातून जातं.

तुमच्या गाडीला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सिंगल चॅनेल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. कडक पॅड पुढे टाकलात तर खडीच्या उतारावर एबीएस लवकर लवकर मध्ये पडेल, लिव्हर हाताला थडथड लागेल आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेईल. 2023 पासूनच्या मॉडेलला रोड, ऑफ-रोड आणि रॅली असे मोड आहेत, रॅलीमध्ये एबीएस बंद. बंद केल्यावर तर पॅडची झडप थेट तुमच्या बोटांच्या भरवशावर. म्हणून पुढे मी कंपनीचा मूळ पॅड किंवा त्याच्याच तोडीचा ऑरगॅनिक अथवा सेमी-मेटॅलिक सुचवतो. पुढचे निम्मे शिल्लक आहेत म्हणता, तर ते आत्ता बदलूही नका. फक्त काढून, साफ करून परत बसवा.

मागच्या चाकाला एबीएस नाही. तिथे लॉक होणं नेहमीचंच, आणि अनुभवी चालवणारा ते मुद्दाम वापरतो. पण कुठल्या क्षणी लॉक होतं ते त्याला ठरवता यायला हवं. मध्यम घर्षणाचा सिंटर्ड, एफ किंवा जी अक्षराचा, मिळाला तर उत्तम. ऑफ-रोडसाठी म्हणून विकले जाणारे सिंटर्ड बहुधा याच विचाराने बनवलेले असतात. उदाहरणार्थ ईबीसी या ब्रिटिश कंपनीच्या पॅडच्या नंबरात एफए नंतर आकडा येतो आणि शेवटी मालाची खूण : नुसता एफए म्हणजे ऑरगॅनिक, शेवटी एचएच म्हणजे रस्त्यावरचा सिंटर्ड, शेवटी आर म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीचा सिंटर्ड, टीटी म्हणजे कार्बन-ग्रॅफाइट. आकडा सारखा असला तरी शेवटची अक्षरं वेगळी असतील तर माल वेगळा, हे दुकानदाराच्या पोऱ्याला माहीत असेलच असं नाही. डबा उघडून पत्र्यावरचा नंबर स्वतः वाचा. दुसऱ्या कंपन्यांच्या खुणा वेगळ्या असतात, पण प्रत्येकीच्या यादीत रस्ता आणि ऑफ-रोड असा फरक सापडतोच. चिखलात मागचा सिंटर्ड साध्या पॅडच्या दुपटीने टिकला तरी महाग पडत नाही. माझ्या पाहण्यात तो त्याहून जास्त टिकतो, पेडल घासत नसेल तर.

डिस्क खाल्ली जाण्याच्या भीतीत तथ्य आहे, पण लोक समजतात तेवढं नाही. मोटारसायकलच्या डिस्क बहुतेक स्टेनलेस स्टीलच्या असतात आणि त्या सिंटर्ड पॅडला सोसतात. कास्ट आयर्नच्या डिस्कवर मात्र सिंटर्ड घालायचा नसतो, काही जुन्या विदेशी गाड्यांना त्या असत. तुमच्या वापरात डिस्क झिजवणारा मुख्य गुन्हेगार पॅड आणि डिस्कच्या मध्ये घोटला जाणारा मुरूम आहे, पॅडचा माल त्याच्यानंतर येतो. आणि पत्र्याला टेकलेला पॅड तर एका दिवसात जेवढी डिस्क खातो तेवढी सिंटर्ड पॅड कित्येक महिन्यांत खाणार नाही. तुमचे मागचे पॅड पत्र्यापर्यंत गेलेत म्हणता, तेव्हा नवे टाकण्याआधी डिस्क मोजाच. डिस्कवरच कुठेतरी 'मिन टीएच' अशा इंग्रजी खुणेपुढे किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटर लावून चार-पाच ठिकाणी मोजा. साध्या व्हर्नियर कॅलिपरने कडेला मोजलंत तर फसाल, कारण पॅड जिथे लागत नाही ती कड जाडच राहते. किमान जाडीच्या खाली गेली असेल तर डिस्कही बदला. त्या डिस्कवर नवे पॅड म्हणजे पैसे पाण्यात.

आता उष्णता. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि पॅडबद्दल बोलताना लोक तोच गाळतात. गाडी सुमारे 160 किलो, तुम्ही आणि सामान मिळून 80 धरा, एकूण 240. ताशी 60 किलोमीटर वेगात असताना या वजनात साधारण 33 हजार जूल ऊर्जा असते. एकदा पूर्ण थांबलात की ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. आता वरंधा किंवा ताम्हिणी उतरताय असं समजा, उंचीत 600 मीटरचा फरक. त्या उतरण्यात सुटणारी ऊर्जा सुमारे 14 लाख जूल, म्हणजे 60 च्या वेगातून बेचाळीस वेळा पूर्ण थांबल्याइतकी. वारा आणि टायर त्यातला थोडा भाग घेतात. उरलेला एक तर इंजिन घेईल नाहीतर ब्रेक. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उतरणारे तो सगळा ब्रेकवर टाकतात, आणि वर मागचाच ब्रेक धरून ठेवतात, म्हणजे सगळ्यात लहान डिस्कवर. दुसरा गिअर टाका, इंजिनला काम करू द्या, आणि ब्रेक सतत चोळत न राहता वळणाआधी नेमका मारून पूर्ण सोडा. सोडलेल्या काळात डिस्कला वारा लागतो.

सिंटर्ड पॅड इथे उलटाही फिरतो. तो स्वतः तापून ढिला पडत नाही, पण धातूचा असल्यामुळे उष्णता पाठीमागच्या पत्र्यातून पिस्टनला आणि पिस्टनमधून ऑइलला देतो. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंशांना उकळतं. पण ते हवेतली ओल शोषत राहतं, आणि ओल मुरल्यावर हाच आकडा मानकाप्रमाणे 155 पर्यंत खाली आलेला चालतो. त्याहून जुनं ऑइल आणखी खाली. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे, पेडल सरळ खाली, ब्रेक नाही. म्हणजे पॅड उत्तम आणि ब्रेक शून्य. कोकणातल्या दमट हवेत आणि ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांनी ऑइल दोन वर्षांनी बदलायचा हिशेब धरू नये. मी अशा गाड्यांना दर पावसाळा संपला की ऑइल बदलायला सांगतो. सिंटर्ड टाकताय त्याच दिवशी मागचं ऑइल बदला आणि नळीतली हवा काढून घ्या. टाकीच्या झाकणावर जो नंबर असेल तोच घ्या. डॉट 5.1 चालतं, तेही ग्लायकॉलचंच आहे. नुसतं डॉट 5 हे सिलिकॉनचं, ते या ब्रेकमध्ये कधीही मिसळायचं नाही. नावं फसवी आहेत, बाटली वाचून घ्या.

विकत घेताना दोन गोष्टी. एक, जुना पॅड खिशात घेऊन जा आणि आकार, पिनेच्या भोकांची जागा, पत्र्याची जाडी शेजारी ठेवून जुळवा. एकाच नावाच्या गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या मॉडेलना वेगळे पॅड असू शकतात. दोन, डुप्लिकेट. कंपनीच्या नावाचा डबा हुबेहूब छापणं सोपं आहे. पत्र्यावरचा नंबर ठसठशीत कोरलेला आहे का, कडा साफ आहेत का, माल पत्र्याला सगळीकडून नीट चिकटलाय का ते बघा. नखाने कोपरा खरवडल्यावर माल सुटत असेल तर तो पॅड परत द्या. डुप्लिकेटमध्ये झीज हा लहान दोष. मोठा दोष म्हणजे तापल्यावर माल पत्र्यापासून अख्खा सुटून पडू शकतो. भरवशाचं दुकान नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून मूळ पॅड घ्या. मागेही मूळच पॅड टाकायचे ठरवलंत तरी काही बिघडत नाही, फक्त पावसाळ्यात दोन-तीनदा उघडून बघावे लागतील.

बसवण्यात मेकॅनिककडून चुकतं ते इथे. कॅलिपर गाडीवरून उतरवण्याआधी पॅडची पिन थोडी सैल करून घ्या. उतरल्यावर ती जोर लावूनही निघत नाही आणि एलन कीची खाच गोल होऊन जाते. मग सगळ्यात मोठी गोष्ट : नव्या जाड पॅडला जागा करण्यासाठी पिस्टन आत ढकलायचा असतो. जुने पॅड संपेपर्यंत पिस्टन बराच बाहेर आलेला असतो आणि त्या उघड्या भागावर वाळलेला चिखल बसलेला असतो. तसाच आत ढकललात तर चिखलाचे कण रबरी सील चिरतात. मग गळती, मग जॅम, आणि दोष नव्या पॅडवर. जुना टूथब्रश आणि ब्रेक क्लीनर घेऊन पिस्टन फिरवून फिरवून पुसा, स्वच्छ चमकला की मगच ढकला. ढकलताना टाकीतलं ऑइल वर चढतं. मध्ये कुणी 'ऑइल कमी झालंय' म्हणून टाकी भरून ठेवली असेल तर ते बाहेर सांडतं आणि रंग उडवतं. पॅड झिजले की टाकीतली पातळी उतरतेच, ती बिघाडाची खूण नाही.

सरकणाऱ्या पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा. गॅरेजमधलं बेअरिंगचं पिवळं ग्रीस पेट्रोलियमचं, त्याने रबराच्या टोप्या फुगतात आणि पिना पुन्हा अडकतात. टोपी फाटली असेल तर बदला, किंमत किरकोळ आहे. जुन्या डिस्कवर नवा, वेगळ्या जातीचा पॅड टाकताना डिस्कवरचा जुना थर पॉलिश पेपरने गोल गोल घासून काढा आणि ब्रेक क्लीनरने पुसा, नाहीतर ऑरगॅनिकच्या थरावर सिंटर्ड नीट बसत नाही आणि किंचाळतो. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती फुप्फुसात जायच्या लायकीची नाही. आणि सगळं जोडून झालं की गाडी हलवण्याआधी पेडल टणक लागेपर्यंत दाबा. पहिल्या दाबाला ते रिकामंच खाली जातं. गॅरेजच्या दारातच समोरच्या भिंतीवर गेलेल्या गाड्या मी पाहिल्यात.

मग बेडिंग, म्हणजे नवा पॅड डिस्कवर घासून बसवणं. रिकाम्या रस्त्यावर 50 च्या आसपास वेग घ्या, मध्यम दाबाने 10 पर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा, मध्ये डिस्कला थोडा वारा लागू देत. गरम ब्रेक दाबून धरून उभे राहू नका, पॅडचा माल डिस्कवर एका जागी चिकटतो आणि मग पेडल थरथरतं. सिंटर्डला बसायला थोडं जास्त अंतर लागतं. पहिल्या दिवशी पकड कमी वाटली तर घाबरू नका, पण त्या दिवशी घाटही उतरू नका.

पुढच्या पावसाळ्यासाठी : ओढा पार केल्यावर दोन्ही ब्रेक हलके धरून वीस-पंचवीस मीटर चालवा, पाणी निघून जातं. घरी आल्यावर पाण्याचा जोरदार फवारा कॅलिपरच्या पिनांवर आणि चाकाच्या बेअरिंगवर धरू नका. साध्या नळीने चिखल मऊ करून काढा, तो वाळायच्या आत. महिन्यातून एकदा मागचं चाक स्टँडवर उचलून हाताने फिरवा. दोन-तीन फेऱ्या सहज फिरलं पाहिजे. अर्ध्या फेरीत अडलं तर पॅड कितीही चांगले असोत, पेडल आणि पिना पुन्हा उघडा. मालाची जाडी 1 मिलिमीटरच्या आसपास आली की बदलायचं, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा. लांबच्या फेरीला निघताना मागच्या पॅडची एक जोडी, एक जादा पॅड पिन आणि तिला लागणारी एलन की बॅगेत टाका. वेल्ह्याच्या पुढे आत गेलात की एक्सपल्सचे पॅड मिळणार नाहीत, आणि पिनची खाच नेमकी तिथेच गोल होते.